क्यूएमूमध्ये मॉडेल हॅसवेल दिसतंय, मग एव्हीएक्स२ गेलं कुठे?

प्रश्न

माझ्याकडे दोन संगणक आहेत, दोन्हींवर लिनक्स आणि क्यूएमू ६.२ (संगणकाच्या आत दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारा प्रोग्राम). डिस्क इमेज एकच, सुरू करायची स्क्रिप्टही एकच. डिफ मारून पाहिलं, अक्षराचाही फरक नाही. स्क्रिप्टमध्ये सीपीयू मॉडेल हॅसवेल, म्हणजे इंटेलची एक प्रोसेसर-पिढी, दिलंय. आत चालतो तो मी स्वतः लिहिलेला प्रोग्राम. जुन्या हस्तलिखितांच्या स्कॅनमधले डाग काढून अक्षर उठावदार करतो. वेग हवा म्हणून कंपायलरला हॅसवेलसाठीच कोड काढायला सांगितलंय.

पहिल्या संगणकावर आठ महिने बिनतक्रार चालला. दुसऱ्यावर पहिलंच पान उघडताना ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतो. जीडीबी हा डीबगर लावला तर अडलेली सूचना निघाली व्हीपीब्रॉडकास्टडी, म्हणजे एव्हीएक्स२ मधली, एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांच्या संचातली.

व्हर्च्युअल मशीनच्या आत प्रॉक-सीपीयूइन्फो पाहिलं. मॉडेलच्या नावापुढे दोन्हीकडे हॅसवेलच. पण फ्लॅग्जच्या ओळीत दुसऱ्या संगणकावर एव्हीएक्स, एव्हीएक्स२, एफएमए हे तिन्ही गायब. बीएमआय२ मात्र आहे, एसएसई४.२ पण आहे. गंमत नाही, बाहेरच्या प्रोसेसरवर एव्हीएक्स२ आहे, मी बाहेरही तपासलं. आणि हे मशीन बूट व्हायलाही जास्त वेळ घेतं, पण तो दोष मी डिस्कला दिला होता.

नाव हॅसवेलचं आणि अंगी निम्मेच गुण, हे कसं? क्यूएमूने नेमकं काय दिलं ते बाहेरून कसं बघायचं?

उत्तर १

सीपीयू मॉडेल ‘होस्ट’ देऊन बघा. बाहेरच्या प्रोसेसरचं जे जे देता येण्यासारखं आहे ते आत जातं.

उत्तर २

होस्ट देऊन प्रोग्राम चालेलही, पण तुमचा प्रश्न ‘दिलं काय ते कसं बघू’ असा आहे, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. मी रोजच या भानगडीत असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मॉडेलच्या नावावरचा विश्वास सोडा. ते नाव म्हणजे क्यूएमूने सीपीयूआयडीमध्ये (प्रोसेसर आपली ओळख आणि फीचर्स सांगतो त्या माहितीत) भरलेली निव्वळ अक्षरं. तुम्ही हॅसवेल मागितलं की क्यूएमू त्याच्या फीचर्सची यादी काढतं, मग अॅक्सेलरेटरला, म्हणजे आतल्या सूचना प्रत्यक्ष चालवणाऱ्या भागाला, विचारतं की यातलं तुला काय जमेल, आणि जे जमणार नाही ते गाळतं. नाव तसंच राहतं. गाळताना स्टँडर्ड एररवर इशारा येतो, पण मशीन सुरू होतं. तुमची स्क्रिप्ट तो इशारा कुठे पाठवते?

चालू मशीनलाच विचारायचं. क्यूएमपीचं, म्हणजे चालू क्यूएमूला बाहेरून आज्ञा द्यायच्या मार्गाचं, सॉकेट उघडून ठेवा. जोडल्यावर पहिली आज्ञा क्यूएमपी-कॅपॅबिलिटीज द्यावी लागते, त्याशिवाय ते दुसरं काही ऐकत नाही. मग क्वेरी-सीपीयूज-फास्ट. त्यात प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसरचा क्यूओएम-पाथ, म्हणजे क्यूएमूच्या आतला त्याचा पत्ता, मिळतो, बहुधा मशीन, अनअटॅच्ड, डिव्हाइस शून्य असा. तो पाथ घेऊन क्यूओएम-गेट करा आणि प्रॉपर्टी म्हणून सरळ एव्हीएक्स२ लिहा. उत्तर ट्रू किंवा फॉल्स. इतकं सोपं आहे, तरी बरेच जण आत लॉगिन करून फ्लॅग्जची ओळ वाचत बसतात.

त्याच पाथवर फिल्टर्ड-फीचर्स नावाची प्रॉपर्टी आहे. मागितलं होतं पण गाळलं, ते सगळं तिथे सापडतं. नावं मात्र नसतात, आकडे असतात. सीपीयूआयडीचं पान ७, उपपान ०, रजिस्टर ईबीएक्स ही नोंद शोधा. एव्हीएक्स२ तिथला बिट ५, म्हणजे त्याची किंमत ३२. आकड्यात ३२ चा बिट लागलेला असेल तर एव्हीएक्स२ गाळलं गेलंय. साधं एव्हीएक्स पान १ च्या ईसीएक्समध्ये, बिट २८.

आता तुमच्या केसबद्दल. बीएमआय२ आहे आणि एव्हीएक्स नाही, ही जोडी वाचूनच मला शंका आली. कुठला खरा हॅसवेल असा नसतो. हे मशीन केव्हीएमवर (सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारा अॅक्सेलरेटर) नाही, टीसीजीवर चाललंय. क्यूएमूचं हे सॉफ्टवेअर भाषांतर बीएमआय२ पूर्वीपासून करतं, पण एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ त्याला ७.२ पासून जमायला लागलं, २०२२ च्या डिसेंबरपासून. तुमचं ६.२ आहे. बूट रेंगाळतं तेही त्यामुळेच. मॉनिटरवर ‘इन्फो केव्हीएम’ द्या, किंवा आत सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट चालवा. केव्हीएम असेल तर केव्हीएम म्हणेल, टीसीजी असेल तर क्यूएमू.

प्रश्नकर्ता

सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट म्हणतं क्यूएमू. क्यूओएम-गेटला एव्हीएक्स२ फॉल्स.

स्क्रिप्ट उघडून नीट वाचली. अॅक्सेलरेटर ‘केव्हीएम, नाहीतर टीसीजी’ असा दिलाय, आणि ओळीच्या शेवटी स्टँडर्ड एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, सोडलाय. तो तुकडा काढून चालवलं. वर लिहून आलं: केव्हीएमला परवानगी नाही, टीसीजीवर घसरतोय. त्याखाली गाळलेल्या फीचर्सच्या इशाऱ्यांची रांग, त्यात एव्हीएक्स२ बिट ५ सकट. सगळं पहिल्या दिवसापासून लिहून येत होतं! या संगणकावर माझा युजर केव्हीएम ग्रुपमध्येच नव्हता. घातला, परत लॉगिन केलं, आता ट्रू येतंय आणि पान उघडतंय.

उत्तर २

छान. आता मॉडेलच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन एन्फोर्स लिहा. मागितलेल्यातलं एक जरी मिळालं नाही तरी मशीन सुरूच होणार नाही. आणि स्क्रिप्टमधला टीसीजीचा पर्याय काढून टाका. तुमच्या प्रोग्रामला तो उपयोगाचा नाही.

प्रश्नकर्ता

एन्फोर्स लावलं तर दुसरा संगणक अडला. एचएलई आणि आरटीएम नाहीत म्हणतोय. पण माझा प्रोग्राम तर ते वापरत नाही.

उत्तर ३

ते टीएसएक्सचे, म्हणजे इंटेलच्या मेमरी-व्यवहारांच्या सोयीचे, दोन फ्लॅग. मूळ हॅसवेल मॉडेलच्या यादीत आहेत, पण इंटेलने बऱ्याच प्रोसेसरांवर मायक्रोकोडने ते बंद केलेत. यासाठीच हॅसवेल-नोटीएसएक्स हे वेगळं मॉडेल आहे. ते घ्या, एन्फोर्स तसंच ठेवा.

पुढच्या वेळी मशीन सुरू करण्याआधीच बघायचं असेल तर मशीन ‘नन’ देऊन, अॅक्सेलरेटर केव्हीएम ठेवून क्यूएमू उघडा आणि क्यूएमपीवर क्वेरी-सीपीयू-डेफिनिशन्स मागा. प्रत्येक मॉडेलपुढे अनअव्हेलेबल-फीचर्सची यादी येते, आकड्यांत नाही, नावांनी. यादी रिकामी असलेलं मॉडेल या संगणकावर जसंच्या तसं मिळेल.

आणि उत्तर १ मधल्या ‘होस्ट’बद्दल एक. केव्हीएम नसेल तर ते ६.२ मध्ये सरळ नकार देतं, टीसीजीवर गुपचूप घसरत नाही, हा त्याचा खरा गुण. पण चालू मशीन एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवायचं असेल आणि प्रोसेसर वेगवेगळे असतील, तर ते घेऊ नका. तिथे दोघांनाही पेलेल असं नावाचं मॉडेलच हवं.

प्रश्नकर्ता

हॅसवेल-नोटीएसएक्स आणि एन्फोर्स, दोन्ही संगणकांवर सुरू झालं. स्क्रिप्टमध्ये बूटनंतर क्यूओएम-गेटने एव्हीएक्स२ विचारणारी एक ओळही घातली. फॉल्स आलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. राहिलेल्या २१४ पानांचं काम आत्ता सुरू केलंय.