मदत हवी आहे : विद्यापीठ ग्रंथालयातील पोथ्या, मोडी रुमाल व जुन्या वृत्तपत्रांचे डिजिटायझेशन – निविदेच्या अटी कशा असाव्यात?

नमस्कार.

नागपुरातील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या संग्रहाच्या डिजिटायझेशनचे काम माझ्याकडे सोपवण्यात आले आहे. निधी मंजूर झाला असून निविदेचा मसुदा तयार होत आहे. एकदा कार्यादेश निघाला की अटी बदलणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून या टप्प्यावरच अनुभवी मंडळींचा सल्ला घ्यावा असे वाटले.

संग्रहात बासनात बांधलेल्या संस्कृत व मराठी पोथ्या आहेत, भोसलेकालीन व त्यानंतरच्या मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेली दप्तरे) आहेत आणि जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडातील मराठी, हिंदी व इंग्रजी वृत्तपत्रांचे बांधीव खंड आहेत. पोथ्यांची हस्तलिखित यादी उपलब्ध आहे आणि वृत्तपत्रांच्या खंडांची दाखल नोंदवहीत नोंद आहे. मोडी रुमालांवर मात्र केवळ क्रमांकाच्या चिठ्ठ्या आहेत. आत जमिनीचे वाद आहेत, हिशेब आहेत की खासगी पत्रे, हे मोडी वाचणाऱ्या माणसाने रुमाल सोडून पाहिल्याखेरीज कळत नाही.

माझी मुख्य अडचण मोबदल्याच्या अटीशी निगडित आहे. मसुद्यात प्रति पान दर धरला असून मार्चअखेरपर्यंत ठरावीक पाने पूर्ण झालीच पाहिजेत, असा आग्रह आहे. असे झाले तर कोणतीही एजन्सी सोपी पाने आधी उरकील आणि घडीचा नकाशा, एकमेकांना चिकटलेली पाने, फाटका समास असलेला कागद मागे ठेवील किंवा वगळील, कारण अशा एका पानाला लागणाऱ्या वेळात साध्या छापील पुस्तकाची कितीतरी पाने होतात. तिला दोष देण्यात अर्थ नाही; आपण ज्याचे पैसे देतो तेच काम होते.

ही भीती निराधार नाही. काही वर्षांपूर्वी बाहेरून करून घेतलेल्या स्कॅनिंगची एक हार्ड डिस्क आमच्या कपाटात आहे. तिच्यातील फोल्डरांना दाखल क्रमांक नाहीत, त्यामुळे कोणती फाईल कोणत्या ग्रंथाची हे एकेक उघडून पाहावे लागते. बांधणीच्या खोबणीजवळची अक्षरे अनेक पानांवर गिळली गेली आहेत. सगळे स्कॅनिंग निव्वळ काळ्या-पांढऱ्यात झाले असून त्याने काय हरवते हे एका पोथीवरून सांगतो. लेखनिकाने चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावून ती रद्द केली आहेत. मूळ पत्रावर तो पिवळा पट्टा लख्ख दिसतो, परंतु स्कॅनमध्ये तो पुरता नाहीसा झाला आहे आणि खालची रद्द अक्षरे संहितेचाच भाग असल्यासारखी वाचली जातात. हिंगुळाने (लाल रंगाने) लिहिलेली अध्यायसमाप्तीची वाक्ये आणि दंडही काळ्या शाईत मिसळून गेले आहेत. पाठभेद तपासणाऱ्या अभ्यासकाच्या हाती अशी प्रत देणे म्हणजे त्याची दिशाभूल करणे होय.

म्हणून मूळ प्रत २४ बिट रंगीत, ४०० पीपीआय (इंचाला ४०० चित्रबिंदू) आणि टिफ (तपशील न गमावता चित्र साठवणाऱ्या) स्वरूपात असावी, वाचकांसाठी तिच्यावरून पीडीएफ तयार करावी, रंगपट्टी व मोजपट्टी ठेवलेले एक छायाचित्र प्रत्येक सत्रात घ्यावे आणि प्रत्येक फाईलीचा चेकसम (फाईल बदलली वा बिघडली नाही हे पडताळण्याचा अंक) द्यावा, असे मी सुचवले आहे. यावर साठवणुकीचा खर्च वाढेल असा आक्षेप आला, आणि तो खरा आहे. ए-फोर आकाराचे एक पान या मापाने सुमारे ४६ एमबी होते, म्हणजे एक लाख पानांना सुमारे ४.६ टीबी लागतात. वृत्तपत्राचे पान याच्या अनेक पट भरते. शिवाय तीन प्रती हव्यात आणि त्यांतली एक नागपूरबाहेर हवी. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या घरात असतो आणि सुट्टीत वातानुकूलन बंद राहिले तर सर्व्हरच्या खोलीवर विसंबून राहता येत नाही. तरीही मला वाटते की पाने कमी झाली तरी चालतील, परंतु तोच नाजूक कागद दहा वर्षांनी पुन्हा स्कॅनरखाली ठेवण्याची वेळ येऊ नये.

प्रति पान दराऐवजी कोणती पद्धत आपण वापरली आणि ती लेखा विभागाला कशी पटवली? मोडी रुमाल आधी घ्यावेत की वृत्तपत्रे? माझा कल रुमालांकडे आहे, कारण त्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही.

प्रतिसाद १

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण बहुतेक जण तो काम संपल्यावर विचारतात. पुण्यातील एका संग्रहावर मी असे काम पाहिले आहे, त्या आधारे लिहितो.

प्रति पान दर पूर्णपणे काढून टाकू नका. लेखापरीक्षणात तोच सहज टिकतो. मात्र साधे पान, पोथीचे पत्र, घडीचा कागद आणि वृत्तपत्राचे मोठे पान यांचे दर वेगवेगळे मागवा आणि कोरे पानही पानच आहे, हे लिहून ठेवा. पैसे पानांवर न देता मान्य झालेल्या गठ्ठ्यावर (एकत्र तपासणीसाठी दिलेल्या पानांच्या संचावर) द्या. पानांचा क्रम शंभर टक्के तपासायचा, रंग व स्पष्टता नमुना पद्धतीने. क्रमात एकही पान गहाळ आढळले तर पूर्ण गठ्ठा परत. ही तपासणी ग्रंथालयाच्या माणसानेच करावी आणि त्याच्या वेतनाची तरतूद आत्ताच करून ठेवावी. ओसीआर (चित्रातील अक्षरे संगणकाने ओळखून मजकूर करणे) या निविदेत घालू नका. जुन्या तुटक्या खिळ्यांच्या छपाईवर तो आज फारसा चालत नाही, आणि मूळ टिफ चांगली असली तर तो पुढे केव्हाही करता येतो.

प्राधान्याबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. पोथ्यांचा व बऱ्याच मोडी कागदांचा हातकागद लांब तंतूंचा असतो. वाळवी, कसर आणि पाणी यांपासून जपला तर तो शतके टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची वृत्तपत्रे लाकडाच्या लगद्यावर छापलेली आहेत आणि त्यातील आम्ल कागदाला आतूनच खाते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो आणखी ठिसूळ होतो. घडीवर तुटलेले पान परत मिळत नाही, म्हणून एजन्सीला वृत्तपत्रे द्या. त्याच काळात रुमाल सोडून मोडी वाचकाकडून यादी करून घ्या: कागदाचा प्रकार, गाव, व्यक्ती, तारीख. तारीख मूळ सनात जशीच्या तशी लिहावी आणि इसवी सन वेगळ्या रकान्यात ठेवावा. शकात ७८ मिळवताना जानेवारी ते फाल्गुन या काळासाठी ७९ मिळवावे लागतात आणि शुहूर सनाचा (जुन्या मोडी कागदांतील आणखी एका कालगणनेचा) हिशेब निराळा, तेव्हा मूळ नोंद पुसली गेली तर चूक शोधता येत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

मनापासून आभार. कागदाच्या आयुष्याचा मुद्दा मी पुरेसा विचारात घेतला नव्हता. वृत्तपत्रे आधी आणि रुमालांची यादी सोबतीने, हा क्रम मसुद्यात घालतो. गठ्ठ्यावर मोबदला देण्याची अटही लेखा विभागापुढे मांडतो.

एक शंका उरते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडील छापील प्रतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची मुभा दिली आहे. जतन करणे आणि संकेतस्थळावर सर्वांना खुले करणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतो, आणि १९४० ते १९६० च्या अंकांत नावानिशी लिहिणारे कित्येक लेखक त्यानंतरही बरीच वर्षे हयात होते. असे अंक आपण ग्रंथालयाच्या आतील संगणकांवरच वाचायला देता, की लेखागणिक तपासून बाहेर खुले करता? विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ‘सार्वजनिक’ मानण्याबाबत कोणी विधी विभागाचे लेखी मत घेतले असेल, तर त्याचा आशय येथे कृपया सांगावा.