आयसीयूवाल्यांनो, हा नुसता थकवा आहे की बर्नआउट?

रात्रपाळी_सिस्टर: आयसीयूत ९ वर्षं झाली. थकणं नवीन नाही, पण परवा एका पेशंटची मुलगी विचारायला आली आणि मी फाइलमधून मान वर न करताच म्हणाले, "बारा नंबर ना? आहे तसंच आहे." ती म्हणाली, सिस्टर, बाबांना नाव आहे. मला लाज वाटायला हवी होती ना, काहीच वाटलं नाही, त्याचीच भीती बसलीय. घरी पण तेच, पोरगं गुडघा फोडून रडत आलं तर मी आधी जखम किती खोल ते बघितलं, जवळ घ्यायचं सुचलंच नाही. ८ दिवस सुट्टी काढून बघितली, परत गेले, पहिला पंपाचा अलार्म वाजला आणि जैसे थे.

ओपीडीवाला: थकवा झोपून जातो, हे नाही जात. मानसशास्त्रज्ञ मॅस्लाकबाईंची बर्नआउट मोजायची १९८१ ची प्रश्नावली आहे, त्यात ३ गोष्टी बघतात: आतून पार संपून जाणं, पेशंटबद्दल कोरडं होणं, आणि आपल्या कामाचा काही उपयोग होतोय असं न वाटणं. तुमचं 'बारा नंबर' म्हणजे दुसरी. आणि डब्ल्यूएचओने आयसीडी-११ मध्ये, म्हणजे त्यांच्या आजारांच्या यादीत, बर्नआउटला आजार म्हटलेलंच नाही, कामातून येणारी अवस्था म्हटलंय, म्हणजे इलाज पण कामाच्या जागीच करायला हवा. हे 'योगा करा, पॉझिटिव्ह राहा' वाल्या एचआरला आधी वाचून दाखवा.

जुनी_इनचार्ज: सलग सहावी नाइट होती माझी, इन्सुलिन १० युनिटच्या जागी १०० भरलं. डबल चेकला सोबतच्या सिस्टरने हात धरला म्हणून वाचलो दोघंही, पेशंट आणि मी. तेव्हापासून कुणालाही ३ च्या वर सलग नाइट लावत नाही, त्यासाठी वरच्यांशी भांडते. तू थोडे महिने आयसीयूबाहेर बदली माग. आणि ऑफच्या दिवशीही झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल तर सायकियाट्रिस्टला दाखव, डिप्रेशन बरंचसं असंच दिसतं, आपण अंगावर काढतो.

डॉक्टरचा_नवरा: आमच्याकडे ती आली की अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही. एवढंच जमलंय आत्तापर्यंत.

रात्रपाळी_सिस्टर: बदली मागायची तर इनचार्जकडेच ना, आणि त्या स्वतःच ११ दिवस विदाऊट ऑफ आहेत. कुठल्या तोंडाने मागू?

जुनी_इनचार्ज: तरी माग. लेखी दे, तिलाही वर दाखवायला कागद लागतो.