फॉस्फेट निघतो, मोडलेलं प्रथिन जुळत नाही

पेशीचक्र (एका पेशीच्या दोन होण्याचा क्रम) निव्वळ प्रथिनांना फॉस्फेट लागल्यामुळे पुढे सरकतं, असं म्हटलं जातं. अर्धंच बरोबर आहे. फॉस्फेट लावणारे कायनेज असतात तसे तो काढणारे फॉस्फटेजही असतात, म्हणजे हा बदल उलटवता येतो. मग पेशी मागे का फिरत नाही? कारण मोक्याच्या टप्प्यांवर प्रथिनाचाच निकाल लावला जातो.

यीस्टमधलं सिक-१ हे प्रथिन बघा (माझं लाडकं उदाहरण). एस टप्प्याच्या (डीएनएची नक्कल होते तो) सायक्लिन-सीडीके जोडीला ते दाबून धरतं; यातलं सीडीके हे कायनेज आणि सायक्लिन हे त्याला चालू करणारं प्रथिन. जी-१ (एसच्या आधीचा टप्पा) सायक्लिनवाले सीडीके त्यावर एकामागून एक फॉस्फेट चिकटवतात. पुरेसे चिकटले की मगच एससीएफ हे विकर त्याला ओळखतं, युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी लावतं आणि प्रोटिअसोम (पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र) त्याचे तुकडे करतं. दाब सुटला, डीएनएची नक्कल सुरू! म्हणजे इथे फॉस्फेट हीच मोडीत काढायची खूण.

विभाजनात एपीसी (युबिक्विटिन लावणारं दुसरं विकर) असंच सेक्युरिन (गुणसूत्रांच्या जोड्या वेळेआधी सुटू न देणारं प्रथिन) आणि सायक्लिन-बी (विभाजनाचं सायक्लिन) यांना मोडीत काढतं. मुळात सायक्लिन सापडलं तेही नष्ट होतं म्हणूनच: १९८२ मध्ये ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ टिम हंट यांना सागरी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत एक प्रथिन साठत जाताना आणि दर विभाजनाला एकदम गायब होताना दिसलं.