मदत हवी आहे: एकच व्हील, तीन रेसिंग गेम; सांगलीत कोणता चालेल?

मंडळी, विश्रामबागेत एका जागी लॉजिटेक जी२९ व्हील (गेम खेळायचं स्टिअरिंग, सोबत पेडल) बसवायचंय. हे व्हील पीसी आणि प्लेस्टेशनवर चालतं, एक्सबॉक्सवर नाही. म्हणून मशीन ठरवण्याआधी गेम ठरवायचाय.

ग्रॅन टुरिस्मो ७ (२०२२) मध्ये गाडीचं वजन हातात छान जाणवतं आणि एकाच टीव्हीवर दोघं खेळू शकतात. पण नेट गेलं की करिअर (टप्प्याटप्प्यानं पुढे जायचा मुख्य खेळ) बंद, थोडासा आर्केड भाग (सुट्या शर्यती) तेवढा उरतो. आपल्याकडे पावसाळ्यात हे परवडेल का?

फोर्झा होरायझन ५ (२०२१) पोरांना लगेच आवडतो, पण स्प्लिट स्क्रीन नाही, म्हणजे एकाच टीव्हीवर दोघांना खेळता येत नाही. जागाही १०० जीबीच्या वर लागते. शिवाय तो मुळात हातातल्या बटणांच्या कंट्रोलरसाठी घडवलाय. व्हीलवर गाडी सरळ रस्त्यातही हेलकावते.

असेटो कोर्सा (२०१४) जुना, पण जी२९ सारख्या ९०० अंश (अडीच वेढे) फिरणाऱ्या व्हीलवर खरा आनंद तिथेच. मूळ गेममध्ये पाऊस नाही, रात्रही नाही. दोन्ही मॉडनं (चाहत्यांनी बनवलेल्या जोडण्यांनी) येतात. एक गोची: फोर्स फीडबॅकचा (व्हील हाताला देतं त्या जोराचा) गेन, म्हणजे प्रमाण, जास्त ठेवलं की क्लिपिंग होतं, म्हणजे जोर कमाल मर्यादेला अडकतो. मोठ्या वळणात सगळं सारखंच जड लागतं, टायर सुटतोय ते कळतच नाही. गेन कमी केला तर सरळ रस्त्यावर व्हील मेल्यासारखं.

तर जी२९ वर तुम्ही गेन किती ठेवता? आणि ब्रेकच्या पेडलमधलं रबर काढून कुणी स्प्रिंग बदललीय का? कडक ब्रेकनं नवख्यांचे पाय लगेच भरून येतात.