सेल-फ्रीची मॉडेलं: खरंच कामाची की नुसती ग्राफची जुळवाजुळव?

ओली_लॅब: काडी टाकतोय. ई. कोलाय हे बॅक्टेरिया फोडून अर्क काढायचा, त्यात डीएनए, अमिनो आम्लं, एनर्जीचं रसायन घालायचं आणि जिवंत पेशीशिवाय प्रोटीन बनवायचं, एवढंच तर आहे सेल-फ्री. आता जो उठतो तो यावर डिफरन्शियल इक्वेशन्स लिहितो, पॅरामीटर पिरगाळतो, जीएफपीच्या (हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनच्या) कर्व्हवर रेघ बसली की झालं मॉडेल! अर्काची पुढची बॅच आली की तीच रेघ तोंडावर पडते. १९६१ला निरेनबर्ग आणि माथेईंनी असल्याच अर्कातून पहिला कोडॉन (अमिनो आम्लासाठीचा तीन अक्षरी संकेत) उलगडला, तेव्हा कुठे होतं मॉडेल?

कोरडी_लॅब: त्यांना एक कोडॉन वाचायचा होता हो, जीन जोडून सर्किट बनवायचं नव्हतं. बॅच बदलली की आकडे बदलतात पण रायबोसोम, म्हणजे प्रोटीन बनवणारी यंत्रं, मोजकेच राहतात ना, दोन जीन घातले की ओढाताण होणार, एकाचं प्रोटीन वाढलं की दुसऱ्याचं घटणार, आणि हे न बघता डिझाइन केलं की सर्किट का चालेना म्हणून डोकं धरून बसायचं. शिवाय इथे पेशीची वाढ नाही, विभाजन नाही, मॉडेलिंगला याहून सोपं काय हवं?

ओली_लॅब: सोपं?? प्युअर सिस्टिमचं (अर्काऐवजी शुद्ध घटकांच्या सेल-फ्रीचं) २०१७चं मॉडेल बघा, तीन अमिनो आम्लांचा एक टीचभर पेप्टाइड, त्याला २४१ घटक आणि ९६८ रिअ‍ॅक्शन. तेही सगळं शुद्ध करून मोजून घातलेलं असताना. अर्कात काय काय आहे याची तर धड यादीही नाही.

तिसरा_डोळा: भांडताय कशाला, मशीन लर्निंग लावा. २०२०च्या एका पेपरात बफरची हजारेक मिश्रणं तपासून प्रोटीन ३४ पट वाढवलं, एकही इक्वेशन न लिहिता.

कोरडी_लॅब: @तिसरा_डोळा कुठलं मिश्रण चांगलं ते कळलं, पण रिअ‍ॅक्शन काही तासांत का थंडावते ते कळलं का? फॉस्फेट साचतो, मॅग्नेशियम धरून बसतो, एटीपी हे इंधन संपत येतं, यातलं कोण आधी आडवं येतं हे विचारायला यंत्रणेचं मॉडेलच लागतं.

@ओली_लॅब नुसता जीएफपी मोजला तर एमआरएनए (जीनची नक्कल) जास्त आणि ट्रान्सलेशन (त्यावरून प्रोटीन बनणं) मंद, की नेमकं उलटं, हे कर्व्हवरून ओळखूच येत नाही, दोन्हींची रेघ तीच. म्हणून अ‍ॅप्टामर (एमआरएनएला चमकवणारा आरएनएचा तुकडा) लावून एमआरएनए वेगळा मोजा, अर्ध्या पॅरामीटरांचा घोळ तिथेच मिटतो. दोष मोजमापाचा, शिव्या मॉडेलला!

ओली_लॅब: एमआरएनएचं पटलं, पण तो मोजतंय कोण, बहुतेक ठिकाणी जीएफपीवरच भागवतात. जुन्या बॅचवर फिट करा आणि नव्या बॅचचा कर्व्ह *आधी* काढून दाखवा, मग मानतो.

कोरडी_लॅब: नव्या बॅचवर एकदोन कॅलिब्रेशनच्या रिअ‍ॅक्शन तरी करू द्याल की तेही नाही?

ओली_लॅब: दोन. तिसरी मागितलीत तर मी आपला प्रयोगच करेन.