अंगावर पाजताना जीव जातोय, साधा हाताचा पंप सुचवा

रात्रपाळी
नमस्कार. बाळ जेमतेम आठवड्याचं आहे. सिझर झालंय. बाळाने तोंडात घेतलं की पहिला मिनिटभर माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. उजवीकडे बोंडशीला चीर पडलीय. पाजून झालं की निपल एका बाजूने चपटं, तिरपं होऊन बाहेर येतं. संध्याकाळपासून तर बाळ सोडतच नाही, बाजूला केलं की भोकाड. घरात सगळ्यांचं एकच पालुपद, "दूध पुरत नाहीये."
म्हणून वाटतंय, पंपाने काढून वाटीचमच्याने पाजावं. जखमही भरेल आणि पोटात किती जातंय तेही दिसेल. हाताने दाबायचा, साधा, स्वस्तातला पंप हवाय. इलेक्ट्रिक नको, तेवढं बजेट नाही आणि किती दिवस लागणार तेही ठाऊक नाही. कुणी वापरलाय का?

सोनचाफा
अभिनंदन गं! इलेक्ट्रिकच घे, तोही डबल. मी ब्रामध्येच बसणारा घेतला. वायर नाही, आवाज नाही, फोनवर दिसतं किती निघालं ते. मी तो लावून मीटिंगा केल्यात, समोरच्याला पत्ता नाही. महाग आहे पण वसूल होतो.

रात्रपाळी
इलेक्ट्रिक नकोय गं. वर लिहिलंय.

सोनचाफा
वाचलं की. पण खर्च एकदाच होतो ना. हाताच्या पंपाने मनगटं जातात, मग बाळ उचलायची पंचाईत.

घाईतली
इलेक्ट्रिकला +१. कुठलाही घेतलास तरी छातीला लावायच्या कपाचं माप बघ. पंपासोबत येतो तो सगळ्यांना बसत नाही. मोठा असला तर गडद भाग आत ओढला जातो, लहान असला तर निपल घासतं. आधीच चीर आहे, त्यात हे नको. बाकी पंप कंपनीचा चांगलाच घ्यावा, स्वस्तातले महिन्यात मान टाकतात.

कडूनिंब
पंप नकोच. माझा महागातला पंप मुलगा शाळेत जायला लागला तरी कपाटात पडून आहे, विकायला काढला तर कुणी फुकट नेईना. त्यापेक्षा पाजायची उशी घे. पाठ वाचते. माझ्या बहिणीनेही उशीच घेतली.

उंबरठा
खरेदी जरा बाजूला ठेवू या. तू लिहिलेल्यातलं कामाचं वाक्य म्हणजे "चपटं, तिरपं होऊन बाहेर येतं". बाळाने नुसतं टोक धरलंय आणि ते टाळूवर दाबलं जातंय, त्याची ही खूण. पंप लावून जखम भरेलही, पण पुन्हा अंगावर घेतलंस की पुन्हा तेच.

हे करून बघ. मागे रेलून बस, बाळावर वाकू नकोस, बाळाला तुझ्याकडे आण. पोटाला पोट लागलं पाहिजे, मान वळलेली नको. डोक्यामागून ढकलू नकोस, खांदे आणि मान धर म्हणजे डोकं थोडं मागे जायला मोकळं राहील. बोंडशी तोंडासमोर नाही, नाकासमोर धर. वरच्या ओठाला लागली की ते मान वर करून आ वासतं. अर्धवट उघडलं तर घाई करू नकोस, जांभईएवढं उघडू दे. मग आधी हनुवटी टेकव आणि पटकन जवळ घे. गडद भाग खालच्या बाजूने जास्त आत जायला हवा, वरून थोडा दिसला तरी चालतो. गाल आत ओढले जात असतील किंवा चकचक आवाज येत असेल तर पकड उथळ आहे. सोडवताना ओढायचं नाही. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकव, आपोआप सुटतं.

सिझर आहे तर बाळाला काखेखाली धर, पाय तुझ्या पाठीकडे. टाक्यांवर भार येत नाही. सुरुवातीचं किंचित दुखणं ठीक, पण पूर्ण वेळ दुखणं ठीक नाही. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर लॅक्टेशन कन्सल्टंटला, म्हणजे स्तनपानाच्या तज्ज्ञाला, समोर बसून दाखव. जीभ खालून बांधलेली आहे का तेही बघून घे.

कडूनिंब
हेच म्हणत होते. उशी असली की बाळ आपोआप उंचावर येतं.

उंबरठा
उशीवर ठेवून आईने वाकायचं असेल तर उशीचा उपयोग शून्य. घडी केलेली चादर पुरते.

कडूनिंब
ज्यांनी वापरली नाही त्यांनी बोलू नये.

नवखा_बाबा
पुरतंय की नाही हे छातीकडे बघून किंवा पंपात किती निघालं त्यावरून कळत नाही. पंपाने निघतं त्यापेक्षा नीट धरलेलं बाळ जास्त ओढतं. आम्ही डायपर मोजले. पहिल्या दिवशी १ ओला, दुसऱ्या दिवशी २, असं वाढत पाचव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा जास्त. शी काळ्याची हिरवट आणि साधारण पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. जन्मानंतर पहिल्या दिवसांत वजन ७ टक्क्यांपर्यंत घटणं नेहमीचं, १० च्या पुढे गेलं तर डॉक्टर बारकाईने बघतात. २ आठवड्यांपर्यंत ते जन्माच्या वजनावर परत यावं. मी सगळ्याचा तक्ता केला होता, आलेखासकट. पाहिजे तर पाठवतो.

टिंबटिंब
आलेख! बायको काय म्हणाली आलेखाला?

नवखा_बाबा
पहिल्यांदा हसली. मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तोच दाखवला.

घाईतली
अ‍ॅप असताना तक्ता कशाला. अ‍ॅपमध्ये डावं-उजवंसुद्धा टिपता येतं.

नवखा_बाबा
रात्री अंधारात फोन उघडला की अर्धा तास फोनवरच जातो. कागद-पेन्सिल बरी.

जुनी_खेळाडू
आमच्या वेळी पंप नव्हते की अ‍ॅप नव्हती. तीन वाढवली. रडलं की घ्यायचं, घड्याळ बघायचं नाही. हल्लीच्या मुली दर गोष्टीला यंत्र शोधतात. आणि सगळे म्हणतायत तेच मीही म्हणते, बाळाला नीट धर. बाकी काही लागत नाही.

रात्रपाळी
ओले डायपर ६ च्या वर आहेत, शी पिवळी. काखेखाली धरून पाहिलं, डावीकडे खरंच फरक आहे. उजवीकडे अजून ब्रह्मांड आठवतं. पण मग संध्याकाळी सोडत का नाही? भरलेलं पोट असलं की झोपायला नको का?

उंबरठा
याला क्लस्टर फीडिंग म्हणतात, बहुतेक बाळं करतात. संध्याकाळी तास-दोन तास थोडं थोडं, सलग. पिऊन पिऊनच पुढच्या दिवसांचं दूध वाढवतात, कारण जितकं रिकामं होतं तितकं तयार होतं. २४ तासांत ८ ते १२ वेळा पिणं हे या वयात नेहमीचंच. घरात कुणी "पुरत नाही" म्हणालं की ओले डायपर दाखव, वाद मिटेल.

जुनी_खेळाडू
मिटत नाही. सासू मीच आहे, मला माहीत आहे.

टिंबटिंब
मी वेगळं सांगते. वरचं दूध दे, म्हणजे बाळाचं डब्यातलं (फॉर्म्युला). एक बाटली दिली, चार तास झोपलीस, सकाळी माणसात आलीस. माझी दोन्ही वरच्या दुधावर वाढली, धडधाकट आहेत. आईच पडली तर बाळाला कोण बघणार?

सोनचाफा
एवढ्यात बाटली? बाळ बाटलीला सोकावतं, मग अंगावर घेत नाही. माझ्या नणंदेचं तसंच झालं.

टिंबटिंब
माझ्या शेजारणीचं नाही झालं. आता?

उंबरठा
दोन्हीत तथ्य आहे. वरचं दूध विष नाही, वजन वाढत नसेल तर डॉक्टर स्वतःच सांगतात. पण बाळ अंगावर प्यायलं नाही तेवढा वेळ छाती तुंबते आणि शरीर समजतं की मागणी कमी झाली. बाटली दिली तर त्या वेळचं दूध हाताने काढून ठेव. रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं संप्रेरक, जास्त असतं, सलग रात्री वगळल्या तर दूध कमी होऊ शकतं.

घाईतली
काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला, २५ अंशांपर्यंत, ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस. फ्रिजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला. मायक्रोवेव्ह तर अजिबात नको, मध्येच कढत होतं. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेव. हे सगळं इलेक्ट्रिक पंप असला की सोपं पडतं.

रात्रपाळी
😐

वाकडी_वाट
तुंबण्यावरून माझंही ऐक. मला डाव्या बाजूला गाठ झाली. सगळ्यांनी सांगितलं गरम शेक, जोरात चोळ, पंप लावून पूर्ण रिकामं कर. चोळून चोळून छाती लालभडक, दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप. मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाचा दाह. डॉक्टर म्हणाल्या चोळणं आधी थांबव.

जुनी_खेळाडू
गरम शेक द्यायचाच असतो. पाजायच्या आधी शेकलं की पान्हा सुटतो.

वाकडी_वाट
पाजायच्या आधी थोडा वेळ, मऊ व्हायला, ठीक. पण सूज असेल तर नंतर थंड. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने २०२२ मध्ये याबद्दलच्या सूचना बदलल्या. जोरात मालिश नको, बर्फाची पिशवी कापडातून, आणि मुद्दाम जास्त काढून रिकामं करायचं नाही, नाहीतर दूध अजून वाढतं आणि सूजही. बाळ पितं तेवढं पिऊ द्यायचं. सूज-वेदनेला आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला सहसा चालतं, पण सिझरनंतर तुला आधीच औषधं सुरू असतील, तेव्हा विचारून घे. ताप, थंडी वाजणं, छातीवर तापलेला लाल पट्टा, यातलं काही झालं तर थांबू नकोस. आणि पाजणं बंद करू नकोस, त्या बाजूनेही. बाळाला त्याने काही होत नाही.

जुनी_खेळाडू
दर चार वर्षांनी नियम बदलतात.

वाकडी_वाट
बदलले तर बदलले, ताप मला आला होता.

नवखा_बाबा
अजून एक. छाती दगडासारखी असेल तर बाळाला पकडच येत नाही. पाजायच्या आधी गडद भागावर, निपलच्या मुळाशी, बोटांची टोकं मागच्या दिशेला मिनिटभर हलकं दाबून ठेवायची, की तेवढा भाग मऊ होतो. हे आम्हाला नर्सने दाखवलं. आलेखात नाही.

टिंबटिंब
😂

सोनचाफा
रात्रपाळी, माझ्या पंपावर सूट चालू आहे, लिंक तुझ्या विचारपुशीत टाकलीय.

रात्रपाळी
सगळ्यांना एकत्र उत्तर देते, बाळ डोळा लागल्यासारखं दिसतंय.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. वजन चढतंय, जन्माच्या वजनाच्या जवळ आलंय. जीभ ठीक आहे. तिथल्या कन्सल्टंटने माझ्या हातात बाळ धरून दाखवलं आणि तेव्हा कळलं की मी नाकासमोर धरते म्हणताना तोंडासमोरच धरत होते. उजवीकडे अजून दुखतं, पण निपल चपटं येत नाही. चिरेवर दोन थेंब दूध लावून वाळू देते, लॅनोलिनचं मलमही चालेल म्हणाल्या.

पंप घेत नाहीये. साधाही नाही, इलेक्ट्रिकही नाही. उजवीकडे अगदीच नको झालं की हाताने काढून चमच्याने देते. वेळ लागतो, पण ते दिसतं डोळ्यांना. उशीही नाही, घरातल्या चादरीच्या घडीवर भागतंय. आणि रात्रीचं एक पाजणं वरच्या दुधावर, नवऱ्याच्या हातून. डॉक्टर चालेल म्हणाल्या. उंबरठा, तुझं म्हणणं समजतंय, पण मला सलग झोप लागली नाही तर मी बाळाला घेताना रडते, आणि त्या रडण्याला कुठलं माप नाही.

उंबरठा
तुझा निर्णय. फक्त ते एक पाजणं वगळलंस तरी झोपायच्या आधी किंवा उठल्यावर थोडं काढ, तुंबू देऊ नकोस. आणि रडणं दोन आठवड्यांनंतरही राहिलं किंवा बाळाकडे बघवेनासं झालं, तर ते दुधापेक्षा आधी डॉक्टरांना सांगायचं. त्यात संकोच नको.

कडूनिंब
घडीवर किती दिवस भागतं बघू.

सोनचाफा
लिंक उघडलीस का?

रात्रपाळी
नाही गं. झोपायला जाते.

टिंबटिंब
जा! आणि बाटली नवऱ्यालाच धुवू दे.