‘मी आलो’ की ‘मी आले’? स्वतःबद्दल लिहिताना कोणती बोली?

पंचगंगा:
माझं गाव कोल्हापूर. आजी, आई, मी, आम्ही सगळ्याजणी ‘मी जातो’, ‘मी आलतो’ असंच बोलत आलो. पुण्याच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात यावरून हसं झालं आणि महिन्याभरात मी ‘जाते, आले’ म्हणायला शिकलो. आता त्याच दिवसांबद्दल लिहायला घेतलंय आणि पहिल्याच ओळीला अडलोय. ‘ती’ करून लिहिलं तर अडचण नाही. ‘ती आली’ दोन्हीकडं एकच. ‘मी’ म्हटलं की मात्र क्रियापद लगेच सांगून टाकतं, कुठली बाई बोलतेय. मला निवेदनातही ‘आलो’च ठेवायचंय.

मोगरा:
ताई, मला नाही पटत. संवादात ‘आलो’ जरूर ठेवा, निवेदनात ‘आले’च हवं. बाहेरचा वाचक लिहिणारा पुरुष आहे असंच धरून चालेल. बाईनं स्वतःला ‘मी’ म्हणून पुढं आणायला फार वेळ लागलाय. रमाबाई रानड्यांनी १९१० साली आठवणी लिहिल्या त्या ‘आमच्या आयुष्यातील’ म्हणून, आणि त्यात सगळं लक्ष नवऱ्यावर, न्यायमूर्ती रानड्यांवर. इतक्या कष्टानं मिळालेली ‘मी गेले’ची खूण आपणच का पुसायची?

पाटीपेन्सिल:
निम्मी वाक्यं तशीही सुटतात. ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी जाईन’ यांत बाई की पुरुष कळतच नाही. राहिलं तिथं ‘आम्ही’ घ्या, ‘आम्ही आलो’ सगळ्यांचंच. बेबी कांबळ्यांनी तर आत्मकथनाच्या शीर्षकातच ‘जिणं आमुचं’ म्हटलंय.

पंचगंगा:
त्या अख्ख्या महारवाड्याचं जिणं सांगत होत्या, म्हणून तिथं ‘आमुचं’ खरं आहे. मेसच्या रांगेत चौघी हसल्या तेव्हा माझ्यामागं कुणी नव्हतं. मी एकटी होतो.

जुनी वही:
दया पवारांच्या ‘बलुतं’ या आत्मकथनात दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतात, माणूस एकच. तुमच्यातही दोघी आहेत. होस्टेलपर्यंत ‘आलो’ आणि तिथून पुढं ‘आले’ लिहा. वाचकाला तो बदल क्रियापदातच दिसेल.

पंचगंगा:
पण तो तसा एका दिवसात झाला नाही हो. वर्गात ‘येते’ आणि आईच्या फोनवर ‘येतो’, हे आजही चालूच आहे. दोन भाग पाडले तर जुनी मी संपली असं होईल.

मोगरा:
तुमचं ‘मी एकटी होतो’ वाचून थांबले. बाई आहे हे ‘एकटी’नं सांगितलं, कोल्हापूर ‘होतो’नं. माझा वाचकाचा मुद्दा तिथं तरी टिकत नाही. पण प्रत्येक वाक्यात ‘एकटी’सारखा शब्द सापडणार नाही आणि दीडशे पानं वाचक अडखळेल, हे मी अजूनही म्हणेन.

पंचगंगा:
अडखळू दे. पहिली ओळ लिहिली: ‘मी दमलेली, भुकेली, रात्रीच्या एसटीनं पुण्यात उतरलो.’ आईला फोनवर वाचून दाखवली. तिला त्यात वेगळं काही लागलंच नाही. एसटीत जेवलीस का नाहीस, एवढंच विचारलं.